मधुमेहात पाय बधिर का होतात?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी शिक्षणाविषयी बोलले जाते. यंदा कार्यकारिणीने आरोग्याचा विषय घ्यावा असे ठरविले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली. मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणते औषध घ्यावे व किती घ्यावे हे मी सांगणार नाही. ते ज्याचे काम त्याने करावे. मला फक्त मधुमेहाची एक बाजू आपल्यापुढे मांडावयाची आहे, जिच्याकडे आपल्या घराघरांतून दुर्लक्ष होते असे माझे मत झाले आहे.

मधुमेह आता कोणाला नवा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. साखरेने डोळे जातात, मूत्रपिंड बिघडते हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पायाला मुंग्या येऊ लागल्या, रात्री तळपाय जळू लागले, की आपण म्हणतो वाताचा त्रास आहे, वय झाले, थोडे तेल चोळा. दोन-तीन वर्षे अशी जातात. मग एक दिवस तीच बुजुर्ग व्यक्ती म्हणते, "आता बरे आहे, जळजळ गेली." घरातील सर्वजण अल्लाहचे आभार मानतात.

बंधुभगिनींनो, साखर ताब्यात आलेली नसताना आणि कोणताही उपचार केलेला नसताना पायाचे दुखणे आपोआप थांबले असेल, तर ती बहुधा आनंदाची बातमी नसते. दुखण्याची वार्ता आणणारा दूतच मरण पावला असण्याची शक्यता असते.

हे कसे घडते ते पाहू. आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही 'नस' म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या धाग्यालाही 'नस' म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. मी बोलत आहे ते दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे मज्जातंतूविषयी. पायाच्या अंगठ्याला जो स्पर्श होतो त्याची खबर एका अखंड पेशीच्या धाग्यातून वर जाते. या पेशीचे मुख्य शरीर कमरेत, मज्जारज्जूच्या शेजारी असते आणि तिचा धागा पार अंगठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब गेलेला असतो. तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक असतो. जाड आवरणाच्या तंतूतून ही खबर सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावते. जळजळ व ठणका सांगणारे बारीक तंतू मात्र सेकंदाला एखादा मीटर इतकेच चालतात. मुलांनो, पायाला ठेच लागली की आधी ठेच लागल्याचे कळते आणि क्षणभराने कळ येते, त्याचे कारण हेच.

पुष्कळदा मज्जातंतूला विजेच्या तारेची उपमा देतात. ती अर्धीच खरी आहे. तार निर्जीव असते, तिला खाऊपिऊ घालावे लागत नाही. मज्जातंतू जिवंत असतो. त्याच्या टोकापर्यंत लागणारी बहुतेक सामग्री कमरेतील त्या पेशीच्या शरीरात तयार होते आणि धाग्याच्या आतून खाली पोचविली जाते. आपल्या गावच्या नळाचा अनुभव घ्या. टाकीत पाणी कमी झाले की टाकीशेजारच्या घराला काही कळत नाही. ओरड सुरू होते ती शेवटच्या घराची. मज्जातंतूंचे तसेच आहे. पुरवठा कमी पडू लागला की सर्वात लांबचे टोक आधी उपाशी राहते, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. तो मोजा चढावा तसा वर चढतो. साधारण गुडघ्यापर्यंत येतो तेव्हा कोठे हाताच्या बोटांची पाळी येते, कारण हाताचा तंतू लांबीने तेवढाच भरतो. दोन्ही पायांना सारखाच त्रास होणे ही याची खूण. एकाच पायात मुंग्या असतील तर कंबरेचे किंवा दुसरे काही दुखणे असू शकते व तेही दाखवून घ्यावे.

आता साखर येथे नेमके काय करते? स्नायूंच्या पेशींना एक दार असते आणि ते इन्सुलिनने उघडते. मज्जातंतूच्या पेशी इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. रक्तात जेवढी साखर जास्त तेवढी ती त्यांच्या आत शिरते. आत गेलेल्या जादा ग्लुकोजचे एका विकराच्या साहाय्याने सॉर्बिटॉल बनते. हे सॉर्बिटॉल सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि ते बनविताना पेशी स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवलेली रसद खर्च करते. पुढे ती नित्याच्या झीजेलाही तोंड देऊ शकत नाही. (साखरविरहित चघळण्याच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल असते म्हणून कोणी घाबरू नये, खाल्लेले सॉर्बिटॉल मज्जातंतूत जाऊन बसत नाही.) याशिवाय साखर शरीरातील प्रथिनांना चिकटते. जिलेबीचा पाक बोटांना लागून वाळला म्हणजे बोटे जशी चिकटतात आणि ताठरतात, तशी ही प्रथिने बिघडतात. दर तीन महिन्यांनी जी एचबीए१सी नावाची तपासणी करतात, ती रक्तातील हिमोग्लोबिनला अशी किती साखर चिकटली हेच मोजते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षे साखर चढलेली राहिली की त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते आणि तंतूला प्राणवायू कमी पडतो. तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील चरबी हे या कामात साखरेला हात देतात. म्हणून 'मी गोड सोडले' असे सांगून मिश्रीचा डबा जवळ बाळगणाऱ्यांनी विचार करावा.

पूर्वी डॉक्टरांनासुद्धा हे उलटे वाटत असे. १८४९ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका जागी सुई टोचली तेव्हा सशाच्या लघवीत साखर आली. त्यावरून मज्जासंस्थेच्या बिघाडाने मधुमेह होतो अशी कल्पना बळावली. १८६४ साली मार्शाल द काल्वी यांनी सांगितले की या रुग्णांच्या पायांची दुखणी हे मधुमेहाचे कारण नसून त्याचा परिणाम आहे. पुरावा मिळावयास मात्र आणखी शंभरावर वर्षे गेली. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारचा, म्हणजे बहुधा लहान वयातच जडणारा मधुमेह असलेल्या १४४१ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. ज्यांची साखर काटेकोर ताब्यात ठेवली त्यांच्यात मज्जातंतूंचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. आपल्या घरांतून जो दिसतो तो बहुतेक दुसऱ्या प्रकारचा, मोठ्या वयातील मधुमेह. त्यात केवळ साखर आटोक्यात ठेवून मज्जातंतूंना इतका ठळक लाभ झाल्याचे दिसलेले नाही. तेथे रक्तदाब, वजन आणि तंबाखू यांकडेही तेवढेच लक्ष द्यावे लागते.

मेलेल्या तंतूंना पुन्हा जिवंत करील असे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. जळजळ व ठणका कमी करणारी औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत, कारण रात्र रात्र झोप नसलेल्या माणसाला धीराच्या गोष्टी सांगून भागत नाही. पण ती वेदना शमवितात, तंतू दुरुस्त करीत नाहीत. म्हणून आठवड्याच्या बाजारात 'नसांची ताकद' म्हणून जी भुकटी विकली जाते तिच्यावर पैसा घालवू नये. एक तपासणी मात्र मागून घ्यावी. मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्याच्या अभावानेही पायाला अशाच मुंग्या येतात. तेवढे कारण वेळीच सापडले तर त्यावर इलाज आहे. आणखी एक. पुष्कळ दिवस चढलेली साखर इन्सुलिनने झपाट्याने खाली आणली की काही रुग्णांच्या पायांची आग काही काळ वाढते. लोक समजतात इन्सुलिनने नसा जाळल्या, आणि ते बंद करतात. बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

आता न दुखण्याकडे वळतो. वेदना ही किती मोठी राखणदार आहे हे जगाला समजले ते बऱ्याच अंशी आपल्याच देशात, आणि तेही मधुमेहाच्या नव्हे तर कुष्ठरोगाच्या दवाखान्यात. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी कुटुंबात झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया करीत. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात असा तोपर्यंत समज होता. ब्रँड यांनी दाखविले की बोटे रोगाने थेट झडत नाहीत. रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना जाते आणि मग माणूस नकळत स्वतःच हातापायांची नासाडी करून घेतो. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे सकाळी नाहीसे झालेले आढळत. शोध घेता कळले की रात्री उंदीर कुरतडत आणि झोपलेल्या माणसाला पत्ता लागत नसे. तेव्हापासून रुग्णांना मांजरे पाळावयास दिली गेली. पुढे १९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेत गेले. मधुमेही माणसाच्या पायाची जखम आणि कुष्ठरोग्याच्या पायाची जखम यांची कूळकथा एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि वेल्लोरचे शिक्षण तेथे मधुमेहींच्या उपयोगी पडले. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल मिळते, तीही मूळ कुष्ठरोग्यांसाठीच भारतात रूढ झाली. आज कोणी मधुमेही ती घालताना लाजतो. लाजण्याचे कारण नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क गृहस्थ होते. जुम्म्याच्या नमाजला आले आणि वजूच्या जागेपासून सफेपर्यंतच्या पांढऱ्या फरशीवर एका पायाचे लाल ठसे उमटत गेले. मागून येणाऱ्या शाळकरी मुलाने ते पाहिले व सांगितले. पाहतात तो चपलेचा खिळा तळातून वर आलेला आणि टाचेत रुतून भोक पडलेले. त्या चपलेने ते घरापासून अर्धा मैल चालत आले होते. "मला वाटले चप्पल नवी आहे म्हणून टोचते," असेही ते म्हणाले नाहीत, कारण त्यांना काहीच वाटले नव्हते. जखम लहान होती. घरी हळद दाबली, पट्टी बांधली, आठ दिवस कोणी उघडून पाहिली नाही. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. मधुमेहींचे जे पाय कापावे लागतात त्यांतील सुमारे ८५ टक्के प्रकरणांत सुरुवात अशा एखाद्या जखमेनेच झालेली असते. वेळीच पाहिली असती तर यांतील पुष्कळ जखमा भरून आल्या असत्या.

बाहेरच्या स्पर्शाचे तंतू मरतात तसे आतल्या कारभाराचेही बिघडतात. पायाचा घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. बसल्या जागेवरून एकदम उठले की भोवळ येते. जेवण पोटात तासन् तास राहते. लघवीची जाणीव मंदावते. पुरुषांना आणखीही एक त्रास होतो, त्याविषयी डॉक्टरांशी एकांतात बोलावे, संकोच करू नये. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की अशा माणसाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दम लागतो, घाम सुटतो, मळमळते. मधुमेही माणसाला असे अचानक झाले तर पित्त म्हणून सोडा पाजत बसू नये, दवाखाना गाठावा.

रमजानचे रोजेही येथे विचारात घेतले पाहिजेत. साखर फार खाली गेली की धडधड होते, हात कापतात, दरदरून घाम येतो. ही शरीराची घंटा. मज्जातंतू मंदावलेल्या जुन्या मधुमेहींत ही घंटा वाजतच नाही आणि माणूस एकदम बेशुद्ध पडू शकतो. रोजे ठेवावयाचे की नाहीत, गोळ्यांची वेळ कशी बदलावी, हे रमजानपूर्वी एक-दोन महिने डॉक्टरांना विचारावे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात, तरी मनात शंका असल्यास आपल्या मौलवी साहेबांकडून खात्री करून घ्यावी, पण तपासणी टाळू नये.

पायांची निगा राखण्याची एक उत्तम सवय आपल्याला आधीपासून आहे. दिवसातून पाच वेळा आपण घोट्यांपर्यंत पाय धुतो, बोटांच्या फटींत बोट फिरवून खिलाल करतो. इतक्या वेळा पायाला हात लावणारा समाज विरळा. पण हात लावतो आणि डोळे दुसरीकडे असतात. त्या पाचांतील एका वेळी, उजेडात, पायाकडे पाहावे. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहावयास सांगावे. आणि धुतल्यावर बोटांच्या फटी कोरड्या कराव्यात. तेथे ओल राहिली की बुरशी धरते, कातडी फाटते आणि तेथूनच जंतू आत जातात. टाचांना तेल किंवा मलम लावावे, फटींत लावू नये. थंडीत वजूसाठी पाणी तापवितात, ते पायावर घेण्यापूर्वी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाहावे, बधिर पायाने पाहू नये. शेक घेण्यासाठी गरम वीट, गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. कुरूप स्वतः ब्लेडने कापू नये, त्यावर तेजाबाची पट्टी लावू नये. चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी व आत हात फिरवावा. मागे पट्टा असलेली चप्पल बरी. अंगठ्याची चप्पल पायातून निसटून रस्त्यात राहते आणि माणूस एकाच चपलेने घरी येतो, असे खरोखर घडते. नवे पायताण संध्याकाळी विकत घ्यावे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

एप्रिल-मे महिन्यांत जुम्म्याच्या दुपारी मशिदीचे अंगण तापलेले असते. ज्याचे पाय शाबूत आहेत तो उड्या मारीत सावली गाठतो. बधिर पायाचा मनुष्य संथपणे चालत जातो आणि त्याचे तळवे भाजतात. विश्वस्त मंडळींनी तेथे चटईची एक पट्टी टाकावी अशी माझी विनंती आहे, खर्च फार नाही. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना तर मैलोगणती चालावे लागते, तेही परक्या उन्हात. तवाफच्या वेळी कोणते मऊ पायताण चालेल हे जाण्यापूर्वीच आलिमांना विचारून ठेवावे आणि त्या चपलेची निदान महिनाभर सवय करावी. रोज रात्री मुक्कामी पाय पाहावेत.

माता-भगिनींविषयी मुद्दाम सांगतो. घरातील पुरुषाच्या पायाला काही झाले तर चार माणसे धावतात. आईचा पाय कोणी पाहत नाही आणि ती दाखवीतही नाही. तिच्याही पायाला मज्जातंतू तेवढेच आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. बधिरपणा तपासण्याची एक साधी पद्धत इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केली. तिला ना यंत्र लागते ना पैसा. आपल्या दादा-दादींना, नाना-नानींना, अम्मी-अब्बांना, ज्यांना मधुमेह आहे त्यांना बसवावे, मोजे काढावेत, डोळे मिटावयास सांगावे. मग आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. आधी उजवा अंगठा, मग उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, नंतर उजव्या पायाचे मधले बोट व शेवटी डाव्या पायाचे. स्पर्श कळला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावे. एका बोटाला एकदाच हात लावावयाचा. नाही कळले तर पुन्हा लावून 'आता कळले का?' असे विचारावयाचे नाही. परीक्षेत जसे उत्तर सुचवीत नाहीत तसेच हे. सहापैकी दोन किंवा अधिक बोटांचा स्पर्श कळला नाही, तर त्या पायांना धोका आहे असे समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. सर्व स्पर्श कळले तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत, कारण सुमारे निम्म्या रुग्णांना विकार सुरू झाला तरी काहीच त्रास जाणवत नाही. आणि कोठे जखम, फोड, लाली किंवा काळा डाग दिसला तर तो दुखतो की नाही हे विचारीत बसू नये. त्याच दिवशी दाखवावा.

बाहेर पडताना दाराशी इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलांना एक-एक कागद मिळेल. त्यावर दोन पावलांचे चित्र असून सहा बोटांवर वर्तुळे आहेत. रविवारी घरी तपासणी करून, जो स्पर्श कळला त्या वर्तुळात बरोबरची खूण व नाही कळला तेथे फुली करून, सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावा. नाव लिहावयाचे नाही, फक्त वय लिहावे. फुल्या असलेल्या पालकांसाठी डॉक्टरांना शाळेत बोलाविण्याची व्यवस्था संस्थेने करावी, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करून मी आपली रजा घेतो.